गावठाण कधी वसलं? मालाड खाडीकाठच्या एका गावाच्या कामाच्या नोंदी

साष्टीतल्या (मुंबई शहराच्या उत्तरेचं जुनं बेट) एका जुन्या गावठाणाची वसाहत कशी सुरू झाली आणि पुढे कशी वाढली, याची कागद, नकाशे, विहिरी आणि घरं तपासून केलेली ही नोंद. आपल्या गावाचं असंच काम हाती घेणाऱ्यांना ती उपयोगी पडावी. हद्दीचे आणि मिळकतींचे वाद चालू असल्यामुळे गावाचं नाव इथे घातलेलं नाही.

२ नोव्हेंबर

कामाची वही आखली. प्रत्येक ओळ एका वस्तूची: विहीर, क्रूस, देऊळ, बांध, घर, कागद. रकाने असे: जागा, पुरावा काय, पुराव्यावरची तारीख, "निदान या वर्षी होतं", "या वर्षाच्या आधीचं नाही", कोणी पाहिलं, फोटो क्रमांक. "गाव वसल्याचं वर्ष" हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी भरतं आणि पुढचं सगळं काम त्या आकड्याला पुरावे जमवण्यात जातं. उत्सवाच्या स्मरणिकांमध्ये "पाचशे वर्षांचं गाव" छापलेलं असतं, त्याच्यामागे बहुतेक वेळा एखाद्या चर्चचं किंवा देवळाचं वर्ष असतं. चर्चचं वर्ष ते चर्चचंच. अंधेरीतल्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ सालचं. पण १८४० च्या साथीनंतर ते ओस पडलं आणि वस्तीसकट चर्च मरोळला गेलं. आजच्या मरोळच्या वस्तीला १५७९ लावलं तर चुकेल, आणि १८४० लावलं तर आधीची अडीचशे वर्षं पुसली जातील.

म्हणून नियम एकच: प्रत्येक पुरावा फक्त स्वतःची तारीख सांगतो.

१६ नोव्हेंबर

जुने महसुली कागद शोधताना पहिला घोळ जिल्ह्याचा होतो. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला. त्याआधी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे १९२० च्या आधीचं काही हवं असेल तर अर्जात "जिल्हा ठाणे, तालुका साष्टी" असं लिहावं लागतं. उपनगराच्या नावाने केलेला अर्ज "अभिलेख आढळत नाही" असा शेरा मारून परत येतो, आणि तो शेरा खराही असतो. यात बराच वेळ गेला.

गावाच्या नावाची जेवढी रूपं सापडतील तेवढी अर्जातच द्यावीत: मराठी कागदातलं, इंग्रजी नकाशावरचं, पोर्तुगीज वळणाचं. बुद्रुक-खुर्द असेल तर दोन्ही.

मागायचं काय: गाव नकाशा, आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि सारा यांची यादी), जुने फेरफार आणि मोजणीची टिपणं. सातबारा मागून गावठाणाबद्दल काही कळत नाही. महसुली मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून त्याला सर्व्हे नंबर नाही आणि आतली घरंही मोजलेली नाहीत. जुन्या गाव नकाशात सगळी शेतं बांधासकट असतात आणि मधे गावठाणाचा एक कोरा तुकडा. आतल्या घराघराची मोजणी सिटी सर्व्हेत झाली, ती खूप नंतरची. मधल्या काळात गल्ल्या कशा पडल्या हे नकाशा सांगणार नाही, ते जागेवरच शोधावं लागतं.

१४ डिसेंबर

नकाशा मिळाला. कापडावर चिकटवलेला, चार घड्यांचा. पहिली प्रत रोलच्या झेरॉक्स मशीनवर काढली, ती निरुपयोगी निघाली. रोलर कागद ओढतो, त्यामुळे प्रत एका दिशेने एक-दीड टक्का ताणली जाते. ऐकायला थोडं वाटतं, पण हिशेब असा: नकाशाचं प्रमाण १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, म्हणजेच १:७९२०. साठ सेंटिमीटर लांबीवर एक टक्का म्हणजे ६ मिलिमीटर, जमिनीवर साडेसत्तेचाळीस मीटर. आख्खं गावठाण शेजारच्या शेतात सरकतं.

दुसऱ्यांदा सपाट स्कॅनर असलेल्या दुकानातून ४०० डीपीआयवर स्कॅन केलं, एका शीटला २५० रुपये. स्कॅन करताना नकाशाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून घ्यावी, एक आडवी आणि एक उभी. पुढे कुठे ताण पडला तर पट्टीवर लगेच दिसतो.

४ जानेवारी

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा आजच्या जागेवर बसवला. प्रोजेक्शन यूटीएम ४३ उत्तर. खुणेच्या जागा कोणत्या घ्यायच्या यावर सगळं अवलंबून आहे. विहिरी उत्तम, त्या हलत नाहीत. देवळाचं जोतं चांगलं, कळस नको. तीन शेतांचे बांध मिळतात ती जागा चांगली, पण आज तिथे इमारत असते. क्रूस सगळ्यात धोक्याचे. रस्ता रुंद करताना क्रूस उचलून कडेला नेतात, आणि दहा वर्षांत तो तिथलाच वाटू लागतो. आमच्या नकाशात एका क्रूसामुळे उत्तरेकडचा सगळा भाग अकरा मीटरने तिरपा बसत होता. तो बिंदू काढल्यावर बाकीचे जुळले.

आधी साधं रूपांतर वापरावं, त्याला तीन बिंदू पुरतात, पण आठ-दहा घ्यावेत. थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा ताणून बसवणारं रूपांतर) लगेच वापरू नये. ते प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जुळवतं आणि चुकीचा बिंदू लपवून टाकतं.

किती अचूकता मागायची? या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ८ मीटर. नकाशावरची शाईची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणजे ४ मीटर. त्याखालच्या अचूकतेच्या मागे लागून वेळ घालवू नये. आणि या नकाशावरून "अमक्याचं घर इथेच होतं" हे कुणालाही सांगू नये.

टिपणांबद्दल एक इशारा. त्यातली मापं साखळी आणि आण्यात आहेत. १ साखळी म्हणजे ३३ फूट, १६ आण्यांची. म्हणजे १ आणा २ फूट पाऊण इंच. टिपणात ४–१२ असेल तर ते पावणेपाच साखळ्या, १५६ फूट ९ इंच. एक्सेलमध्ये ४.१२ टाकलं की १३६ फूट होतात. क्षेत्राचंही तेच: ३–१० म्हणजे ३ एकर १० गुंठे, सव्वातीन एकर. एकराचे ४० गुंठे, त्यामुळे दशांश चालत नाही. दोन वेगळे रकाने ठेवावेत.

१८ जानेवारी

हा भाग सगळ्यात फळला, म्हणून सविस्तर लिहितो. खाडीकाठच्या गावाची जागा भरतीने ठरवलेली असते. भरतीची रेघ सापडली की पहिली घरं कुठे असू शकतात आणि कुठे नसू शकतात, हे निम्मं कळतं.

उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशांवर काम होत नाही. दाट गावठाणात ते छपरांची आणि माडांची उंची देतात. दुसरी अडचण भरतीच्या तक्त्याची. तक्त्यात ४.९ मीटर भरती दिसली म्हणून उंची-नकाशावर पाच मीटरची रेघ काढली, तर सगळं गावठाण पाण्याखाली जातं. तक्त्यातले आकडे सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजलेले असतात, समुद्रसपाटीपासून नाहीत. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.९ ची भरती सरासरी समुद्रसपाटीच्या वर साधारण २.४ मीटर.

उपाय जुनाच: पाण्याची लेव्हल पाइप. १० मिलिमीटरची पारदर्शक नळी, २० मीटर, सव्वाचारशे रुपये. वारा नसलेल्या दिवशी, मोठ्या भरतीच्या वेळी जेट्टीच्या दगडावर पाण्याची रेघ खडूने मारली आणि तिथून टप्प्याटप्प्याने गावात उंची चढवत नेली. नळीत बुडबुडा राहिला तर पाच-सात सेंटिमीटरची चूक होते, आणि प्रत्येक टप्प्याला ती वाढत जाते. नळी बादलीतून ओढून भरायची, नळाला लावून भरायची नाही. दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी समपातळीत आहे का, हे प्रत्येक टप्प्याआधी पाहायचं. शेवटी दुसऱ्या वाटेने परत जेट्टीच्या खुणेवर यायचं. आमचा फरक ४ सेंटिमीटर आला, तो या कामाला पुरेसा आहे. खाडीतली भरती अपोलो बंदरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे सगळ्या उंचीत फूटभर कमीजास्त धरावं.

निष्कर्ष: गावदेवीपासून मोठ्या विहिरीपर्यंतची वाट कण्यावरून, म्हणजे गावाच्या मधल्या उंचवट्यावरून जाते. ती मोठ्या भरतीच्या दोन ते अडीच मीटर वर आहे. त्याच्या पूर्वेला वरकस, म्हणजे हलकी, चढाची जमीन. पश्चिमेची आणि दक्षिणेची सगळी खाचरं मात्र मोठ्या भरतीच्या रेघेच्या खाली. म्हणजे बांध आणि उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं बांधातलं फळ्यांचं दार) असल्याशिवाय तिथे भाताचं एक रोप जगलं नसतं. बांध एकट्या घराचं काम नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी माती चढवायला, उघाडीच्या फळ्या बदलायला आणि भरती-ओहोटीला त्या उघडबंद करायला पुरेशी माणसं गावात असावी लागतात. बांध फुटून खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं पीक जातं. म्हणून खाजणातली (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाऱ्या जमिनीतली) खाचरं ही वस्तीच्या दुसऱ्या टप्प्याची खूण मानली. पहिली घरं कण्यावर, मासे, वरकसचं धान्य आणि ताडीमाडीवर जगणारी. कोळीवाड्याची घरं वाळूच्या पट्ट्यावर, जेट्टीजवळ. त्यांची वस्ती आधीची की कण्यावरची, हे उंचीवरून ठरत नाही.

८ फेब्रुवारी

मोडी कागद. पोर्तुगीजांकडे साष्टी १५३४ च्या तहाने गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. म्हणजे मराठी अंमलाचे कागद जेमतेम सदतीस वर्षांचे. तेवढ्यातच शोधायचं आहे हे कळल्यावर काम आटोक्यात येतं.

तारीख वाचणं हाच खरा कस. वर्ष शुहूर सनात (मराठी दप्तरातली कालगणना), अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, एकं आधी. आमच्या गावाचं नाव ज्या वसुलीच्या यादीत सापडलं तिच्यावर "इहिदे अर्बैन मया व अलफ" आहे: एक, चाळीस, शंभर, हजार. सन ११४१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेसाठी ६००. म्हणजे १७४०–४१, वसई घेतल्यानंतरचं दुसरंच वर्ष.

चुका कुठे होतात: सीत म्हणजे सहा, सितैन साठ. सबा सात, सबैन सत्तर. खमस पाच, खमसैन पन्नास. मोडीत शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे शेवटचा "ऐन" पुढच्या शब्दात मिसळतो आणि कागद कित्येक दशकं पुढे-मागे जातो. पडताळा सोपा आहे. "मया" असेल तर कागद १७९९ च्या मृगाआधीचा, "मयातैन" असेल तर नंतरचा. साष्टीच्या मराठी अंमलाच्या कागदात मयातैन वाचलं गेलं तर वाचन चुकलंय किंवा कागद नंतरची नक्कल आहे. "छ" पुढचा आकडा चांद्रमासाची तारीख दाखवतो, तिच्यासाठी जंत्री लागते. आमच्या कामाला वर्ष पुरलं.

यादीतलं गाव आपलंच कशावरून? एकाच नावाची गावं साष्टीत आणि वसईकडे दोन्हीकडे आहेत. यादीतली आधीची चार आणि नंतरची चार नावं नकाशावर शोधावीत. ती शेजारी पडली तर गाव आपलं. आमची आठांपैकी सहा जुळली. वाचनाचे पानाला ४०० रुपये दिले. स्वच्छ अक्षराचे कागद शिकून स्वतः वाचता येतात, पण हिशेबाचे कागद जाणत्याकडेच द्यावेत.

१९२४ मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या महिकावतीच्या बखरीत साष्टीतल्या कितीतरी गावांची नावं आहेत, आणि तिथूनच अनेक स्मरणिका तिच्यात सांगितलेल्या बिंबराजाच्या काळापर्यंत मागे जातात. बखर मोलाची आहे. पण तिच्यातलं नाव वहीत घालायचं ते बखर लिहिली गेली त्या काळासाठी, तिच्यात सांगितलेल्या काळासाठी नाही.

१ मार्च

चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या. भाषा पोर्तुगीज, पण साचा ठरलेला: तारीख, नाव, आईबाप, कुठले, राहणार कुठे, धर्ममातापिता. साचा पाठ झाला की भाषा न येताही रकाने भरता येतात. वह्या हाताळायला रीतसर परवानगी घ्यावी, फ्लॅश वापरू नये, आणि जिवंत माणसांपर्यंत पोचणारी वर्षं सोडून द्यावीत.

आम्हाला हवं होतं ते "कुठले" आणि "राहणार" या दोन जागी. लग्न करून आलेल्या बायका कोणत्या गावांच्या, याची यादी केली की गावाचे जुने संबंध दिसतात: मढ, मनोरी, गोराई, उत्तन. पुरुष बाहेरचा आणि बायको गावची, अशा नोंदी वाढू लागतात तिथे गावात जमीन किंवा काम वाढलेलं असतं.

धोका असा: पाद्रुआदो (चर्चवरचा पोर्तुगालच्या राजाचा अधिकार) आणि प्रोपगंडा (थेट रोमचा) या दोन अधिकारांचा वाद एकोणिसाव्या शतकात मुंबईभर चालू होता. एकाच गावातली घरं दोन चर्चच्या वह्यांत जाऊ शकतात. एका वहीत कुटुंबं अचानक कमी झाली म्हणजे साथ आली किंवा गाव उठलं, असं लगेच लिहू नये. आधी शेजारच्या चर्चची वही बघावी.

आणखी एक उपयोगी खूण. "ईस्ट इंडियन" हे मुंबई-साष्टीतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाचं नाव १८८७ मध्ये घेतलं गेलं. या समाजासाठी ते शब्द वापरलेली पाटी किंवा कागद सहसा त्याआधीचा नसतो.

२२ मार्च

घरं. मंगलोरी कौलांच्या मागच्या बाजूला कारखान्याचा ठसा असतो. "बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५" वाचून घराला १८६५ लावण्याचा मोह होतो. ते वर्ष कारखान्याच्या स्थापनेचं आहे आणि पुढे कित्येक वर्षं ते कौलांवर उमटत राहिलं. कौल सांगतं इतकंच: हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही. घर त्याहून जुनं असू शकतं, आधी नळीची कौलं किंवा पेंढा असेल. आढ्याजवळच्या वाशांवर जवळ जवळ मारलेल्या जुन्या खिळ्यांची भोकं दिसली तर छप्पर बदललंय.

भिंतीत चुना की सिमेंट, हे पाहताना फक्त दरवाजामागची किंवा न्हाणीघरामागची उघडी जागा बघावी. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ ला पोरबंदरला सुरू झालं, गावात पोचायला आणखी वेळ लागला. पण दर्शनी भिंती पुन्हा पुन्हा लिंपलेल्या असतात, त्यावरून काही ठरत नाही.

१९ एप्रिल

क्रूस. गावठाणाच्या तोंडाशी दोन क्रूस १८९६ नंतरचे, प्लेगच्या काळातले. प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत दिसला आणि शहरातून माणसं उपनगरातल्या गावांकडे आली. अशा क्रूसांची जागा मोलाची, कारण त्या काळी वस्ती कुठे संपत होती ते त्या दाखवतात. जागा हलवलेली नाही ना, हे आधी जुन्या माणसांना विचारून घ्यावं. वरची ग्रॅनाइटची पाटी जीर्णोद्धाराची असते. मूळ अक्षरं चौथऱ्यावर, रंगाच्या थरांखाली. रंग खरवडू नये. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, दगडाला जवळपास टेकवून धरला की सावलीत आकडे उठतात. आमच्याकडे "९८" असे दोनच आकडे स्पष्ट आले, म्हणून वहीत "१८९८ असावं" असं लिहून "निदान या वर्षी होतं" हा रकाना रिकामा ठेवला.

१७ मे

विहिरींचं काम मे महिन्यातच करावं. पाणी तळाला गेलेलं असतं. मोठ्या विहिरीचे वरचे थर सिमेंटने बांधलेले, रंगवलेले. त्याखाली चार फूट चुन्यातलं घडीव दगडी काम. आणि सगळ्यात खाली, एरवी पाण्यात बुडालेले, बिनचुन्याचे ओबडधोबड दगड, एका बाजूला हात घालता येईल एवढा कोनाडा. म्हणजे विहीर तीनदा बांधली गेली. खालचा थर कधीचा हे दगडावरून सांगता येत नाही, पण त्यांचा क्रम पक्का आहे. उतरू नये. दोरीला बांधलेला फोन आणि दिवा पुरतो, विहिरीच्या तळाशी हवा कोंडलेली असते.

कोणती विहीर कोणाची, हे जुन्या माणसांना सरळ विचारलं की "सगळ्यांचीच" असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं: लग्नात उंबराचं पाणी आणायला तुमच्या घरचे कुठल्या विहिरीवर जायचे? ईस्ट इंडियन घरांत हे लगेच आठवतं, कारण वाजतगाजत जायची ती वाट ठरलेली असते. उत्तरं नकाशावर टाकल्यावर घरांचे दोन स्पष्ट गट पडले. एक कण्यावरच्या मोठ्या विहिरीचा, दुसरा दक्षिणेच्या पाखाडीतल्या (वस्तीच्या वेगळ्या भागातल्या) लहान विहिरीचा. दक्षिणेच्या विहिरीत चुन्याचाच थर आहे, खालचा ओबडधोबड नाही. वस्ती कण्यावरून दक्षिणेला वाढली याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. कोळीवाड्यात हाच प्रश्न नारळी पौर्णिमेच्या आणि होळीच्या मानाबद्दल विचारावा: पहिला नारळ कोणाच्या घरचा, होळीचं लाकूड कोण आणतं. "गाव किती जुनं?" हा प्रश्न कोणालाच विचारू नये, त्याला स्मरणिकेतलंच उत्तर मिळतं.

७ जून

पाऊस सुरू व्हायच्या आत वहीची पहिली जुळणी केली. क्रम असा बसतो: कण्यावरची घरं आणि मोठी विहीर, तारीख नाही. खाजणाचा बांध आणि खाचरं त्यानंतर. १७४०–४१ मध्ये गाव वसुलीच्या यादीत, म्हणजे तोवर सारा भरण्याइतकी शेती उभी होती. मग दक्षिणेची पाखाडी. मंगलोरी छपरं १८६५ नंतर, आणि बहुतेक १८६७ ला विरारपासून बॅकबेपर्यंत लोकल धावू लागल्यावर, कारण घरटी एकजण तरी नोकरीला शहरात जायला लागल्याच्या नोंदी त्यानंतरच येतात. प्लेगच्या क्रूसांपर्यंत वस्ती दोन्ही वेशींना टेकली होती. कोळीवाडा या क्रमात कुठे बसतो हे अजून खुलं आहे. त्याची ओळ वहीत वेगळी ठेवली आहे, कुणाच्या आधी किंवा नंतर घातलेली नाही.

खर्च साडेअठरा हजारांच्या आसपास. त्यात मोडी वाचन आणि स्कॅनिंग मिळून निम्मे, नकलांची सरकारी फी अगदी किरकोळ, बाकी प्रवास आणि छपाई. ज्यांना कमी पैशांत करायचं आहे त्यांनी मोडी शेवटी ठेवावं आणि लेव्हल पाइप, विहिरी, उंबराच्या पाण्याची यादी एवढं आधी उरकावं.

उरलेलं काम: उघाडीची जागा. पावसात खाचरात पाणी तुंबलं की ते कुठून निघतं हे दिसतं, तेव्हा तिचं जुनं मुख पक्कं करायचं. वहीच्या दोन प्रती छापून एक चर्चमध्ये आणि एक गावदेवीच्या विश्वस्तांकडे द्यायची आहे, समासात दुरुस्त्या लिहायला भरपूर जागा सोडून.